मातीच्या ग्रीक बायका बघायच्या कशा? आधी पाठ, मग चेहरा

म्युझियमच्या ग्रीक दालनात मोठमोठे संगमरवरी पुतळे बघून पाय दुखायला लागले, की भिंतीलगतच्या काचेच्या कपाटात वीतभर उंचीच्या मातीच्या बायका दिसतात. कुणी अंगभर वस्त्र लपेटून उभी आहे, कुणाच्या हातात पंखा आहे, कुणी डोक्यावर टोकदार टोपी घातली आहे. बहुतेक लोक पुढे निघून जातात. जे थांबतात ते शेजाऱ्याला विचारतात, "ही कुठली देवी?" आणि पाटीवर नुसतं "उभी स्त्री" लिहिलेलं पाहून तेही निघून जातात.

हा लेख थांबणाऱ्यांसाठी आहे. भाजलेल्या मातीच्या या ग्रीक मूर्तींपुढे, म्हणजे टेराकोटापुढे, उभं राहिल्यावर काय बघायचं आणि कुठल्या क्रमाने बघायचं, एवढंच यात सांगतो. ग्रीक येत नसली तरी चालेल, पुराणकथा पाठ नसल्या तरी चालेल. लंडन, पॅरिस, न्यूयॉर्कला जाणं झालं तर उत्तमच, पण घरी बसून मोबाइलवरही यातलं निम्म्याहून जास्त जमतं.

पायरी १ : "ही कोण?" हा प्रश्न खिशात ठेवा

लंडनमध्ये मी पहिल्यांदा अशा कपाटापुढे उभा राहिलो तेव्हा एकेकीला नावं देत सुटलो होतो. ही अथीना, ती अफ्रोडायटी. जवळपास सगळी चुकली. चूक आपल्या संस्कारांतून येते. मातीची मूर्ती म्हटलं की आपल्याला गणपती, गौरी, भुलाबाई आठवतात, म्हणजे ती देवाचीच असणार असं आपण धरून चालतो.

ग्रीकांनी मातीच्या देवी केल्याच; पण देवी ओळखायला खूण लागते. अथीनाला शिरस्त्राण, आर्टेमिसला धनुष्य किंवा हरिण, विजयदेवता नायकीला पंख. खूण नसेल तर नाव देऊ नका. इ.स.पू. सहाव्या-पाचव्या शतकात मध्य ग्रीसमधल्या बिओशिया प्रांतात कणीक मळणाऱ्या, भाकरी भाजणाऱ्या, किसणीवर काहीतरी किसणाऱ्या बायका घडवल्या जात होत्या. लूव्र संग्रहालयात अशा बायकांचा एक गट आहे. त्या ओळीने कणीक मळतायत आणि शेजारी एक जण पावा वाजवतोय. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या माणसाला कामाला सूर का लागतो ते वेगळं समजवावं लागत नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये दोन तरुणी जमिनीवर बसून हाडांच्या सोंगट्यांनी खेळतायत. तो गट इ.स.पू. ३३० ते ३०० च्या दरम्यान दक्षिण इटलीतल्या ग्रीक मुलखात घडला. दोघींपैकी एकही देवी नाही.

कधी तर ती बाईही नसते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये अथेन्सच्या एका थडग्यातून आल्याचं सांगितल्या जाणाऱ्या चौदा छोट्या मूर्ती आहेत. त्यात तान्हं बाळ घेतलेली एक म्हातारी दाई आहे. नीट बघा : तोंडावर मुखवटा, पोटाला गादी. विनोदी नाटकात बाईचं सोंग घेतलेला तो पुरुष नट आहे, कारण ग्रीक रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत. बालगंधर्वांच्या मुलखातल्या माणसाने हे एका नजरेत ओळखायला हवं.

म्हणून "ही कोण" हा प्रश्न शेवटी. पहिला प्रश्न : ही घडवली कशी?

पायरी २ : पाठ बघा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जास्त वेळ घ्या. कपाट मधोमध असेल तर मागे जा. भिंतीला लागून असेल तर तीच मूर्ती संग्रहालयाच्या संकेतस्थळावर शोधा. मागच्या बाजूचा फोटो बऱ्याचदा तिथे असतो.

सर्वांत जुन्या मूर्ती हाताने वळलेल्या किंवा चाकावर फिरवलेल्या असत. इ.स.पू. सातव्या शतकात पश्चिम आशियाकडून साच्याचं तंत्र ग्रीसमध्ये आलं. सुरुवातीला साचा फक्त पुढच्या अंगाला वापरत. माती साच्यात दाबायची आणि मागची बाजू हाताने सपाट करायची. अशा मूर्तीची पाठ फळीसारखी दिसते, कधी बोटं ओढल्याच्या खुणाही दिसतात. पुढे दोन साचे आले, एक पुढचा, एक मागचा. दोन्हीत मातीचा पातळ थर दाबायचा, माती जरा घट्ट झाली की दोन्ही अर्धे बाहेर काढायचे आणि पातळ चिखलाने एकमेकांना चिकटवायचे. मूर्ती आतून पोकळ राहते. शाडूचे गणपती साच्यातून निघताना ज्यांनी पाहिलेत त्यांच्या डोळ्यांपुढे हे लगेच उभं राहील. मोठा फरक भट्टीचा. आपला गणपती वाळवून रंगवतात, ही बाई साधारण ७५० ते ९०० अंश सेल्सिअसला भाजलेली असते.

आता पाठीवर तीन गोष्टी शोधा.

पहिली, भोक. पोकळ मूर्ती बंद ठेवून भाजली तर आतल्या ओलाव्याची वाफ तिला फोडते, म्हणून पाठीत एक खिडकी कापून ठेवत. बिओशियातल्या तनाग्रा गावच्या मूर्तींना ही खिडकी बहुधा मोठी आणि चौकोनी असते, आशिया मायनरमधल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, मिरिनाच्या मूर्तींना बहुधा गोल. एवढ्यावर गाव ठरवू नका, पण वहीत टिपून ठेवा.

दुसरी, सांधा. खांद्यापासून पायापर्यंत बाजूने जाणारी रेघ. चांगल्या कारागिराने ती घासून मिटवलेली असते, घाईत असलेल्याने तशीच सोडलेली असते. काखेजवळ आणि कोपराखाली बघा. हात तिथे नीट पोचत नाही, म्हणून रेघ उरते.

तिसरी, सफाई. पुढे वस्त्राची प्रत्येक चुणी आणि मागे गुळगुळीत ओंडका असेल, तर ही मूर्ती भिंतीला टेकून किंवा कोनाड्यात ठेवण्यासाठी केलेली असावी. पाठीवरही चुण्या काळजीने काढल्या असतील तर घडवणाऱ्याने ती हातात धरून फिरवली जाईल हे गृहीत धरलं होतं. मिरिनाच्या काही मूर्तींच्या पाठीवर कारागिरांची नावंही आहेत. डिफिलोस हे त्यातलं नेहमी भेटणारं नाव. सही पाठीवर, हे ध्यानात घ्या.

नावाचा विषय निघाला म्हणून सांगतो. या कारागिरांना ग्रीकमध्ये कोरोप्लाथोस म्हणत, म्हणजे पोरी-बाहुल्या घडवणारा. हा मानाचा शब्द नव्हता. वक्ता आयसोक्रेटिस आपल्या एका भाषणात तक्रार करतो की त्याला क्षुल्लक वकिलांत गणणं म्हणजे अथीनाचा महापुतळा करणाऱ्या फिडियसला कोरोप्लाथोस म्हणण्यासारखं आहे. फिडियसचा सोन्या-हस्तिदंताचा तो पुतळा आज नाही. बाहुलीवाल्यांचा माल मात्र जगभरच्या कपाटांत हजारोंनी उभा आहे.

पायरी ३ : पिढी मोजा

एकाच साच्यातल्या दोन मूर्ती शेजारी ठेवलेल्या दिसल्या तर नशीब समजा. बहुतेकदा एक थोडी लहान आणि पुसट असते. कारण साधं आहे. माती वाळताना आणि भाजताना आकसते. एखाद्याने बाजारातून तयार मूर्ती आणून तिच्यावरूनच नवा साचा काढला, तर त्यातून निघणारी मूर्ती मूळच्यापेक्षा लहान होते. साचाही मातीचा आणि भाजलेला असेल तर आकसण्यात आणखी भर. सोयीसाठी एका पिढीला दहा टक्के धरा : २० सेंटिमीटरची मूर्ती, तिची लेक १८ ची, नात १६.२ ची, पणती साडेचौदाची. दर पिढीत नाक बोथट होत जातं, बोटं एकमेकांत मिसळतात, केसांच्या रेषा बुजतात. म्हणून चेहरा पुसट दिसला की "झिजलाय" म्हणू नका. कदाचित तो जन्मतःच पुसट असेल.

अभ्यासक या घटीवरून मूर्तींची वंशावळ लावतात आणि कुठल्या गावाने कुणाची नक्कल केली ते सांगतात. वस्त्र लपेटून उभ्या बायकांची जी शैली आपण तनाग्रा शैली म्हणून ओळखतो ती मुळात अथेन्समध्ये सुरू झाली, हे अथेन्सच्या जुन्या बाजारपेठेत, अगोरात, सापडलेल्या साच्यांच्या आणि तुकड्यांच्या अभ्यासातून पुढे आलं. पुरातत्त्वज्ञ डोरथी बर टॉमसन यांनी त्यावर आयुष्यातली कित्येक वर्षं घालवली.

पायरी ४ : जोडलेले भाग ओळखा

धड साच्यातलं, डोकं वेगळ्या साच्यातलं, पंखा-टोपी-कानातले हाताने केलेले. घरी महालक्ष्म्या बसवणाऱ्यांना मुखवटा वेगळा आणि धड वेगळं ही कल्पना नवी नाही. ग्रीक कारखान्यात मात्र तो धंद्याचा हिशेब होता. पाच धडं आणि पाच डोकी असली की पंचवीस वेगळ्या बायका होतात, शिवाय मान डावीकडे कलवली की आणखी पंचवीस. त्यामुळे कपाटातल्या दोन मूर्तींचं वस्त्र चुणीगणिक सारखं आणि चेहरे वेगळे दिसले तर चक्रावू नका. उलट मुद्दाम अशा जोड्या शोधा. लहान मुलांना सोबत नेलं असेल तर त्यांना हा खेळ फार आवडतो आणि ती मोठ्यांपेक्षा जास्त जोड्या शोधतात.

मानेभोवती रेघ दिसते का बघा. तळाशी पातळ चौकोनी पाटी असते, तीही बऱ्याचदा वेगळी जोडलेली.

पायरी ५ : रंगाचे कण शोधा

मातकट तपकिरी रंग हा या मूर्तींचा खरा रंग नव्हे. भाजण्याआधी त्यांच्यावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप चढवत. भट्टीतून निघाल्यावर त्या लेपावर रंग. भाजल्यानंतर लावलेला रंग मातीत मुरत नाही, म्हणून तो जमिनीत असताना आणि नंतर धुण्या-पुसण्यात निघून गेला. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत काही मूर्ती इतक्या घासल्या गेल्या की पांढरा लेपसुद्धा उरला नाही.

चुण्यांच्या खोबणीत, कानामागे, बगलेत बघा. पांढरा बहुधा सापडेल. गुलाबी दिसला तर तो बहुधा मंजिष्ठेच्या कुळातल्या एका झाडाच्या मुळीपासून केलेला. आपल्याकडच्या आयुर्वेदातल्या मंजिष्ठेची ती भूमध्य समुद्राकडची चुलतबहीण. पिवळा आणि तांबडा म्हणजे गेरूसारख्या मातीचे रंग. निळा दिसला तर थांबाच. त्याला इजिप्शियन निळा म्हणतात. वाळू, चुना आणि तांबं एकत्र भाजून तो बनवत. त्याचा एक विशेष असा की तांबडा प्रकाश टाकला तर तो डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडतो आणि खास कॅमेऱ्यात झगमगतो. नुसत्या डोळ्यांना जिथे काही दिसत नाही तिथे निळी किनार होती हे संग्रहालयं आता अशा फोटोंवरून दाखवतात.

रंग बघायची सर्वांत चांगली जागा लूव्र. तिथे तनाग्राची "निळी बाई" आहे, इ.स.पू. ३३० ते ३०० च्या सुमाराची. निळं वस्त्र, सोन्याचा वर्ख, हातात पंखा. तिचा फोटो एकदा बघून ठेवा आणि मग बाकीच्या तपकिरी बायका मनातल्या मनात रंगवत चला.

पायरी ६ : वस्त्र

तीन शब्द पुरेत. पेप्लोस म्हणजे खांद्यावर टाचणीने अडकवलेलं लोकरीचं जाड वस्त्र. याच्या चुण्या सरळ आणि जड, खांबावरच्या खाचांसारख्या. खितॉन म्हणजे लिननचा पातळ अंगरखा, चुण्या बारीक. हिमातिओन म्हणजे या सगळ्यावरून घ्यायची मोठी चादर, जी डोक्यावरूनही घेता येते, पदरासारखी.

तनाग्राच्या बायकांची गंमत हिमातिओनमध्ये आहे. हात वस्त्राच्या आत आहे आणि आतूनच तो वस्त्र ओढतो. त्यामुळे कोपरापासून खांद्यापर्यंत ताणलेल्या तिरक्या चुण्या पडतात आणि त्यांच्याखालून खितॉनच्या उभ्या चुण्या पायाशी डोकावतात. दोन कापडं, दोन जाड्या, सगळं एकाच मातीत. त्या एका हाताचा माग काढा : मूठ कुठे आहे, कापड कुठे ताणलंय, कुठे सैल पडलंय. मला विचाराल तर या मूर्तींचं कसब चेहऱ्यांपेक्षा इथेच आहे. चेहरे एकसुरी असतात आणि ते कबूल करायला हरकत नाही.

या पोशाखाचं एक समकालीन वर्णनही आहे. इ.स.पू. तिसऱ्या शतकात हेराक्लाइडीस नावाच्या प्रवाशाने बिओशिया पाहिला. तिथल्या थीब्ज शहरातल्या बायका हिमातिओन असं डोक्यावरून घेतात की फक्त डोळेच दिसतात, केस माथ्यावर बांधतात आणि तांबड्या रंगाचे हलके, चपटे जोडे घालतात, असं तो लिहितो. तनाग्राबद्दल त्याने नोंदवलंय की गाव उंचावर आहे, दिसायला पांढरं आणि चिकणमातीचं. मूर्तिकारांना याहून काय हवं! टोकदार टोपीचं नाव थोलिया. ती उन्हासाठी, आणि डोक्यावरच्या पदरावरून घालत.

पायरी ७ : सापडली कुठे ते वाचा

आता पाटीकडे वळा. पाटीवरची सगळ्यात कामाची ओळ म्हणजे ठिकाण. आणि त्या ओळीतले सगळ्यात कामाचे शब्द म्हणजे "येथून आल्याचे सांगतात". याचा अर्थ उत्खननाची नोंद नाही, विकणाऱ्याने तसं सांगितलं.

असं का, त्याला मोठा इतिहास आहे. १८७० च्या सुमाराला तनाग्राच्या आसपासच्या शेतांत थडगी सापडायला लागली आणि त्यांत या मूर्ती. युरोपात त्यांना भाव आला. अथेन्सच्या पुरातत्त्व सोसायटीने पनायोतिस स्तामाताकिस यांना रीतसर खोदकामासाठी पाठवलं, पण तोवर हजारो थडगी लुटून झाली होती. १८७८ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात खासगी संग्रहांतल्या तनाग्रा मूर्ती मांडल्या गेल्या आणि पॅरिस वेडं झालं. आधुनिक फॅशनमधली बाई दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या ग्रीसमध्ये सापडली, असं लोकांना वाटलं. तेव्हापासून अशा कुठल्याही मूर्तीला, ती कुठेही घडलेली असो, "तनाग्रा" म्हणायची सवय लागली. गंमत अशी की या शैलीची एक फार सुंदर मूर्ती, वस्त्रात गुरफटून गिरकी घेणारी नर्तकी, त्याआधीच १८४६ साली अथेन्समध्ये फिलिप तितू या फ्रेंच वास्तुतज्ज्ञाला मिळाली होती. तीही लूव्रमध्ये आहे.

लुटीत मूर्ती वाचल्या, माहिती गेली. कुठल्या थडग्यात, पुरुषाच्या की मुलीच्या, शेजारी काय होतं, उशाशी होती की फोडून टाकलेली, हे कळलं असतं तर "त्या कशासाठी होत्या" याचं उत्तर सोपं झालं असतं. त्या मानाने मिरिना बरं. तिथे १८८० ते १८८२ या काळात अथेन्सच्या फ्रेंच संस्थेने खोदकाम केलं आणि थडग्यांच्या नोंदी ठेवल्या.

ठिकाणं तीन प्रकारची असतात. थडगं, देवस्थान, घर. कॉरिन्थजवळच्या डोंगरावर धान्यदेवता डिमीटर आणि तिच्या लेकीचं देवस्थान होतं, तिथे नवसाच्या मूर्तींचे अक्षरशः ढीग सापडलेत. मातीची मूर्ती स्वस्त, म्हणून नवस फेडायला परवडणारी. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस नदीकाठच्या झाडाखाली बसतो आणि तिथे ठेवलेल्या बाहुल्या बघून ही जागा जलदेवतांची असणार असं म्हणतो. आपल्याकडे झाडाखालच्या शेंदरावरून आणि मातीच्या घोड्यांवरून जसं कळतं तसं. हातपाय हलणाऱ्या बाहुल्याही मिळतात आणि लग्नाआधी मुली आपली खेळणी आर्टेमिसला वाहत असत. तेव्हा तीच एक बाहुली आधी खेळणं, मग नवस, आणि मुलगी अकाली गेली तर थडग्यातली सोबत. म्हणून "ही कशासाठी होती" याला एकच उत्तर मागू नका.

पायरी ८ : अंदाजाने काळ लावा

पाटी झाकून अंदाज करायचा आणि मग पडताळायचा. आधी एक अडखळ दूर करा : इसवी सनापूर्वीची वर्षं उलटी मोजतात. इ.स.पू. ३३० हे इ.स.पू. २०० च्या आधीचं.

हात वर केलेल्या किंवा अंगाशी घेतलेल्या, अंगावर तपकिरी पट्टे असलेल्या इवल्याशा मूर्ती म्हणजे मायसीनी काळ, इ.स.पू. चौदावं-तेरावं शतक, आकारावरून त्यांना फाय, प्साय, टाऊ अशी ग्रीक अक्षरांचीच नावं दिलीत. घंटेसारखं धड, लांबलचक मान, खाली लोंबणारे सुटे पाय आणि अंगावर पक्षी रंगवलेले : बिओशिया, इ.स.पू. आठव्या शतकाचा शेवट. फळीसारखं चपटं अंग आणि डोक्यावर उंच मुकुट : सहावं शतक. ग्रीक खेडुतांना तो मुकुट पाद्र्याच्या टोपीसारखा वाटला, म्हणून त्यांना गमतीने "पापादेस", पाद्री, म्हणतात. पेप्लोस घालून सरळ समोर बघत ताठ उभी किंवा खुर्चीवर बसलेली : पाचवं. अंग कलवून, वस्त्र लपेटून, बाजूला बघणारी : चौथ्याचा शेवट आणि तिसरं, म्हणजे आपली तनाग्रा. सडपातळ, उघडी अफ्रोडायटी, उडते इरॉस म्हणजे पंखवाले प्रेमदेव, नाटकी हावभाव : मिरिना आणि नंतरचा काळ.

हाताशी नाग धरलेली क्रीट बेटावरची प्रसिद्ध बाई या यादीत शोधू नका. ती टेराकोटा नाही, फायेन्सची आहे, म्हणजे चकाकत्या लेपाच्या कृत्रिम पदार्थाची. ही चूक पुस्तकांतही होते.

पायरी ९ : संशय शिका, आणि विकत घेऊ नका

पॅरिसला वेड लागलं तेव्हाच बनावट मालही सुरू झाला. कारण उघड आहे : माती स्वस्त, साचा सोपा आणि खऱ्या मूर्तीवरून नवा साचा काढता येतो. १८८० च्या दशकात "आशिया मायनरचे गट" म्हणून मोठाले पौराणिक देखावे विकले गेले, ज्यात तीन-तीन, चार-चार पात्रं असत. त्यातले बरेच खोटे निघाले. आणखी अवघड प्रकार म्हणजे खरं धड आणि दुसऱ्याच मूर्तीचं खरं डोकं.

नवख्याने या खुणा बघाव्यात : फार गोड, एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रातल्यासारखा चेहरा, कुठेच न बुजलेले तपशील, पाठीचं भोक नाही किंवा नावापुरतं, सगळीकडे सारखी पसरलेली "जुनी" धूळ. यावर निकाल मात्र देऊ नका. निकाल प्रयोगशाळा देते. थर्मोल्युमिनेसन्स या चाचणीत मातीचा चिमूटभर चुरा तापवून त्यातून निघणारा प्रकाश मोजतात आणि वस्तू शेवटची कधी भाजली गेली ते काढतात. दीडशे वर्षं की दोन हजार वर्षं, एवढा फरक ती सहज सांगते. पण खरं डोकं चुकीच्या धडावर बसलंय हे ती सांगत नाही, कारण दोन्ही जुनंच.

ऑनलाइन लिलावात "ग्रीक टेराकोटा, जुना खासगी संग्रह" असं काही दिसलं तर दूर राहा. खोटं असेल तर पैसे गेले. खरं असेल आणि कागद नसतील तर एखादं थडगं फोडायला आपण पैसे दिले. हौस भागवायची तर संग्रहालयाच्या दुकानातली नक्कल घ्या.

कुठे बघायच्या

परदेशात असाल तर लूव्र, ब्रिटिश म्युझियम, मेट्रोपॉलिटन, बर्लिन. ग्रीसला गेलात तर अथेन्सचं राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय तर आहेच, पण थीब्जचं संग्रहालय चुकवू नका. तनाग्राच्याच परिसरातल्या मायसीनी काळच्या मातीच्या शवपेट्या तिथे आहेत आणि त्यांवर डोक्याला हात लावून आक्रोश करणाऱ्या बायका रंगवलेल्या आहेत. घरी बसून बघायचं तर लूव्रचा संग्रह २०२१ पासून ऑनलाइन आहे, आणि मेट्रोपॉलिटनचे हक्कमुक्त फोटो २०१७ पासून फुकट उतरवता येतात. शोधताना इंग्रजीत टेराकोटा, फीमेल फिगर आणि हवं ते गाव टाका.

आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जा. हे मी उगीच ओढून आणत नाहीये. तेर म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतल्या सागरी प्रवासवर्णनातलं तगर. तिथे सातवाहन काळातल्या, पांढऱ्या केओलिन मातीच्या, दोन साच्यांत घडवलेल्या मूर्ती सापडल्या आहेत. दोन साच्यांचं हे तंत्र भूमध्य समुद्राकडच्या व्यापाराबरोबर इकडे आलं, असं बरेच अभ्यासक मानतात. गावातल्या लामतुरे संग्रहालयात त्या बघा, आणि बघताना वरचीच पद्धत वापरा : पाठ, सांधा, जोड.

पायरी १० : एकदा स्वतः करा

कितीही वाचलं तरी साचा कळतो तो हाताला माती लागल्यावर. एक सुट्टीचा दिवस पुरतो.

बोटभर उंचीची एक साधी उभी बाई शाडूत करून वाळू द्या. हात अंगाला चिकटलेले ठेवा. बाहेर आलेला हात साच्यात अडकतो आणि तुटतो. हिमातिओनच्या आत हात का लपवले त्याचं एक व्यवहारी कारण इथेच सापडेल. ती आडवी करून ओल्या मातीच्या गादीत बरोबर अर्धी रुतवा. गादीत चार ठिकाणी बोटाने खळगे करा, म्हणजे पुढे दोन साचे एकमेकांवर नेमके बसतील. पुठ्ठ्याची भिंत करा, मूर्तीवर तेलाचा हात फिरवा आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिस ओता. घट्ट झालं की उलटवा, गादी काढा, प्लॅस्टरवर साबणाचं पाणी लावा आणि दुसरा अर्धा ओता. झाले दोन साचे. ते दोन दिवस सुकू द्या.

आता प्रत्येक साच्यात बोटाने माती दाबा, चार-पाच मिलिमीटर जाड, सगळीकडे सारखी. इथेच बहुतेकांचं चुकतं : नाकाच्या टोकात माती पोचत नाही आणि कडा जाड होतात. माती साच्यापासून आपोआप सुटायला लागली की कडांवर सुरीने चरे पाडा, पातळ चिखल लावा, दोन अर्धे जुळवा. पाठीत खिडकी कापा. सांध्याची रेघ ओल्या बोटाने पुसायचा प्रयत्न करा आणि काखेत ती कशी उरते ते बघा. वाळल्यावर मूळ मूर्तीशेजारी उभी करून मोजा. भट्टीत न जाताही ती जराशी लहान झालेली असेल.

मग त्या खिडकीतून टॉर्च मारून आत बघा. आतली बाजू कुणी घासत नाही, त्यामुळे दाबलेल्या बोटांचे ठसे तिथे जसेच्या तसे असतात. पुढच्या वेळी म्युझियममध्ये फुटकी, अर्धवट मूर्ती दिसली की तिला टाळून पुढे जाऊ नका. तुटलेल्या कडेतून आत वाकून बघा. ग्रीक बाहुलीवाल्याच्या बोटांचे ठसेही तसेच आत असतात.